पांढरं नको

तीस वर्षं मी बायकांचे ब्लाऊज शिवतेय. दुधाळ, मोतिया, सायीसारखा असे पांढऱ्याचे प्रकार मला अंधारातसुद्धा ओळखू येतील. पण पांढऱ्याची लाज वाटणारं माणूस मी परवा पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. ते आमच्यातलंच होतं, म्हणून जास्त शिसारी आली.

माझी बहीण राधा गोवंडीला राहते. तिची दीप्ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिचं लग्न मुलुंडच्या केतनशी ठरलंय. दोन्ही घरं बौद्ध, तेव्हा लग्न बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे आणि नवरी पांढऱ्या साडीत, यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. दीप्ती तर शाळेत असल्यापासून मला सांगायची, "मावशी, माझी लग्नाची साडी तू बघायची. पांढरी, बारीक निळ्या काठाची." ही साडी मुलाकडची असते. म्हणून केतनची आई माधुरीताई घाटकोपरच्या दुकानात आली आणि कापडातलं कळतं म्हणून राधानं मलाही बोलावून घेतलं.

दुकानदारानं पहिल्याच फटक्यात हवी तशी साडी काढली. पांढरं रेशीम, बोटभर निळा काठ. मी पदराच्या दशीतला एक धागा ओढून पेटवला. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली. अस्सल माल. दीप्तीनं पदर खांद्यावर टाकला आणि आरशात बघून हसली.

"माल चांगलाय हो," माधुरीताई म्हणाली, "पण पांढरं नको."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आमच्या टॉवरमधली माणसं येणार आहेत. फोटो सगळ्यांच्या स्टेटसला जातात. पांढरं बघितलं की लगेच कळतं."

"काय कळतं?"

तिनं दुकानदाराकडे चोरून बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला माहितीय ना. कशाला बोलायला लावता?"

माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. ही बाई वीस वर्षांपूर्वी राधाच्याच गल्लीत राहायची. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून मिरवणुकीत सगळ्यात पुढे असायची, घोषणा देऊन दोन दिवस घसा बसलेला असायचा. आता मुलुंडला अठराव्या मजल्यावर गेली तर स्वतःचं नाव घ्यायला जीभ अडते. पत्रिकासुद्धा तिनं आडनावाशिवाय छापून घेतलीय, नुसतं 'केतन आणि दीप्ती', वर दोन मोर. मोरांचं तरी काय चुकलं म्हणा.

मग तिनं स्वतः साडी निवडली. कांद्याच्या सालीचा रंग, त्यावर सोनेरी बुट्टे. मी तिचाही धागा पेटवला. धागा आकसून काळी कडक गोळी झाली आणि प्लास्टिक जळाल्याचा घाण वास सुटला.

"ताई, हे रेशीम नाहीये."

"लग्नात कोण जाळून बघणार आहे?" ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याची मला त्या वासापेक्षा जास्त किळस आली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात राधानं माझ्या मांडीला चिमटा काढला. "छान आहे रंग, दीप्तीला खुलेल," ती म्हणाली. आमची राधा म्हणजे वारा येईल तशी पाठ. दीप्तीनं बाजूला जाऊन केतनला फोन लावला. तो म्हणाला म्हणे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे यार, आईशी अ‍ॅडजस्ट कर ना. तिनं पांढऱ्या साडीवरून एकदा हात फिरवला आणि घडी घालून ढिगावर ठेवली. कांद्याच्या सालीचे पैसे माधुरीताईनं भरले आणि राधाला घेऊन ती हॉल बघायला निघून गेली.

मी दीप्तीला ब्लाऊजच्या मापासाठी माझ्या दुकानात आणलं. जवळच आहे. पुढे काउंटर, मागे दोन मशिनी आणि कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा. ती पडद्यामागे गेली आणि माझं तोंड सुटलं.

"लाज वाटली पाहिजे त्या बाईला. ज्यांच्यामुळे अठराव्या मजल्यावर पोचली त्यांनाच लपवतेय. असल्या घरात जाणार आहेस तू? मला तर तिच्या हातचं पाणी उतरणार नाही घशाखाली."

पडदा सरकला. दीप्ती मापाचा ब्लाऊज घालून उभी होती.

"मावशी, बाबासाहेबांचा फोटो इथे आत का लावलायस?"

"रस्त्याची धूळ बसते ना गं बाहेर."

उत्तर किती पटकन आलं. अकरा वर्षं तयारच होतं ते. दुकान उघडलं तेव्हा फोटो काउंटरवरच्या भिंतीवरच होता. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतली एक बाई सहा ब्लाऊजपीस घेऊन आली. तिनं फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी विसरलं म्हणाली आणि कापड उचलून गेली ती गेलीच. आठवड्यानं मी फोटो आत हलवला. जिथे बायका कपडे उतरवतात तिथे. रोज सकाळी पडदा ओढून अगरबत्ती लावते. गिऱ्हाइकं मला गुजराती समजून नीलमबेन म्हणतात आणि मी ओ देते.

"धूळ," दीप्ती म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मग मुलुंडला पण धूळच असेल."

मी टेप हातात धरून उभी राहिले. सकाळपासून ज्या घाणीवर थुंकत होते ती माझ्याच घरात निघाली. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"दीप्ती, मी..."

"सांगू नकोस मावशी. तू फोटो बाहेर लाव. तू लावलास की मी माधुरीकाकूंना फोन करते. माझ्या एकटीच्यानं होत नाहीये."

मी फोटो काढला. काचेवर अगरबत्तीच्या धुराचा पिवळा थर होता, तो पदरानं पुसला. काउंटरवरच्या भिंतीत जुन्या खिळ्याचं भोक तसंच होतं. स्टुलावर चढले, खिळा लावला, हातोडी उचलली आणि आधी रस्त्याकडे बघून घेतलं, कोणी गिऱ्हाईक येतंय का ते. त्याही क्षणी बघितलं. दीप्तीनं ते पाहिलं.

समोरच्या इमारतीतल्या रेवतीबेन पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मुलीच्या लग्नाचे बारा ब्लाऊज शिवायला देणार होत्या. त्या दारात पोचल्या तेव्हा मी फोटो लावून खाली उतरत होते. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बोला," मी म्हणाले.

माझ्या मागे दीप्तीचा फोन लागला होता. "काकू, साडी बदलायचीय," ती म्हणाली. "हो, पांढरीच. का म्हणजे? बघितलं की लगेच कळायला पाहिजे म्हणून."