लुटारूंची घंटा

तालिगानच्या लोकांना भित्रे म्हटलं तर ते भांडायला उठत. पण ते गाव वसलं होतं भीतीवरच. कातळावर किल्ल्यासारखं चर्च, पुरुषभर जाड भिंती, खिडक्यांच्या जागी नुसत्या फटी. आणि घंटा वाजवायच्या दोन तऱ्हा. एक देवाची, संथ. दुसरी लुटारूंची, म्हणजे लहानमोठ्या दोन्ही घंटा एकदम, दम न घेता. दक्षिणेकडून होड्या भरभरून येणारे आणि माणसं धरून नेऊन विकणारे ते लुटारू आगबोटींच्या तोफांनी कधीच थंड केले होते. ती दुसरी घंटा वाजल्याला चाळीसेक वर्षं उलटली होती, तरी गावातली म्हातारी माणसं समुद्राकडे पाठ करून जेवत नसत.

लिओनिला या गावात सून म्हणून आली ती वरच्या डोंगरातून. तिला समुद्राची भीती वाटे, आणि त्यावरून तिची रोज टिंगल होई. नवरा मनिलाच्या गलबतावर असायचा. घरात सासू अपोलोनिया आणि सात वर्षांची लेक बेनिता, एवढीच माणसं. सासूला ती इतरांसारखीच नानाय, म्हणजे आई, म्हणे.

त्या दिवशी वादळाने सकाळपर्यंत गाव झोडपून काढलं. सगळे चर्चमध्ये जीव मुठीत धरून बसले होते. मग वारा एकाएकी पडला. दार उघडून बघतात तर समुद्र जागेवर नाही. पाणी पार लांब हटलेलं, आणि उघड्या चिखलात मासे तडफडत होते.

पाणी ओसरलं की टोपली घेऊन शिंपल्या वेचायला धावायचं, ही या गावाची जन्माची खोड. पाणी का ओसरलं, हे कोण विचारतो? बायका पोरं कडेवर मारून निघाल्याही.

"नानाय, नका जाऊ," लिओनिला म्हणाली. "समुद्र असा कुठे जातो का? मला हे काही बरं दिसत नाही."

"तुला अंगणातलं डबकंही बरं दिसत नाही," अपोलोनियाने टोपली उचलली. "कालपासून पोरीच्या पोटात भाताचं शीत नाही. चल गं बेनिता."

"डोंगरातल्या सूनबाईला एखादं रताळं द्या चघळायला," शेजारीण म्हणाली. "गप्प तरी बसेल."

सगळ्या हसल्या. बेनिताही हसली आणि आजीचं बोट धरून पायऱ्या उतरली. लिओनिला मागोमाग वाळूपर्यंत गेली, पण त्या ओल्या चिखलावर तिचं पाऊल पडेना. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिने मान वर केली आणि क्षितिजाशी एक पांढरी रेघ पाहिली, दोरी ताणल्यासारखी. रेघ जाड होत होती.

तिने हाका मारमारून घसा फोडला. कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डोंगरातली घाबरली, यात नवल ते काय?

तेव्हा ती चर्चच्या घंटाघराकडे धावली. बाईमाणसाने घंटेला हात लावायचा नाही, असा दंडक होता. तिने दोन्ही दोर एकदम धरले आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढत सुटली.

खालची माणसं जागच्या जागी थिजली. मग टोपल्या तिथेच टाकून चर्चकडे पळत सुटली. काय येतंय ते बघायला कुणी थांबलं नाही. ती घंटा कशी वाजते हे ज्यांनी फक्त आजीच्या तोंडून ऐकलं होतं, तेही पळाले. लिओनिलाच्या हातांची सालटं निघाली, पण चिखल रिकामा होताना बघून तिला हायसं वाटलं.

ती जिना उतरून दारात आली तेव्हा अपोलोनिया शेवटची पायरी चढत होती. धाप लागलेली, हात रिकामे.

"नानाय, बेनिता कुठे आहे?"

"लपवली." म्हातारी कुजबुजली. "वाळूवरच्या पालथ्या होडीखाली. तिला घेऊन पळते तर दोघीही सापडलो असतो. माझ्या आईने मला असंच लपवलं होतं, म्हणून मी उरले."

"कुठल्या होडीखाली?"

"हळू बोल. आठवत नाही गं, डोळ्यांपुढे अंधारीच आली. पण तू काळजी करू नकोस. तिला बजावलंय, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आईच्या आवाजात मारली तरी नाही. माझ्या आईच्या मानेवर कोयता ठेवून मेल्यांनी तिला किनाराभर फिरवली होती, मला हाका मारायला लावत."

"नानाय, लुटारू नाहीत. घंटा मी वाजवली. पाणी येतंय."

अपोलोनियाने आयुष्यात पहिल्यांदाच सुनेच्या बोलण्यावर समुद्राकडे वळून पाहिलं.

लिओनिला वाळूवर पोचली. वादळाआधी गावाने ओढून पालथ्या घातलेल्या होड्या माडांच्या रांगेपर्यंत पसरल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. तिने पहिली खांद्याने रेटून उचलली. खाली नुसतं जाळं. दुसरीखाली काहीच नाही. चर्चच्या दारातून माणसं तिला मागे बोलवत होती, पण आता समुद्राच्या आवाजापुढे शब्द कळत नव्हते.

"बेनिता," ती ओरडली, "मी आहे गं, आई. बाहेर ये."

ती होड्यांवर मुठी आपटत धावली. भीतीने तिचा आवाज चिरकला होता, स्वतःचा वाटतच नव्हता.

"मी खरीच आई आहे, बेनिता. ओ दे गं."

बेनिता सांगितलेलं ऐकणारी पोर होती. कुठल्याच होडीखालून ओ आली नाही.