खवल्यांखालचे खोड

१९७६ साली बोईसरच्या एका कारखान्यातील कोळशाच्या ढिगात मला दोन शिळाखंड सापडले. ज्या कुळाची रोपे आज जेमतेम वीतभर वाढतात, त्याच कुळातील, ताडाहून उंच अशा पुरातन वृक्षांच्या खोडांचे ठसे त्यांवर होते. पहिल्यावर खवल्यांची नक्षी होती. ती जाती आधीच ज्ञात होती. दुसऱ्यावर केवळ लांबट खळगे. ती मी नवी जाती ठरवली आणि तिला माझ्या पत्नीचे, वत्सलेचे नाव दिले. शिरगावला तिच्या माहेरी ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाई.

बारा वर्षांनी माझी जुनी विद्यार्थिनी पुष्पलता पालघरला आमच्या घरी आली. दोन्ही ठसे एकाच वृक्षाचे असावेत, अशी तिची शंका होती. पहिल्या शिळेचा वरचा थर उचलताच निर्णय होणार होता. परंतु माझ्या संमतीवाचून ती छिन्नीला हात लावणार नव्हती. तिने संमती मागितली की मी चहाचे विचारीत होतो.

ओटीवर आमची नेहमीची कोळीण, सातपाटीची सोमी, विळीवर रावस साफ करीत बसली होती. तिने आमच्यापुढच्या शिळांकडे मान वळवली.

"मास्तर, ह्या दुसऱ्याची खवलं काढलेली हायत. दोन्ही मासा योच."

हा वृक्ष आहे, असे मी तिला काहीशा कठोरपणे सांगितले. तिने रावसाची साफ केलेली बाजू माझ्यापुढे धरली. खवल्यांच्या जागी कातडीवर ओळीने खळगे उमटले होते.

मी स्वतःच छिन्नी उचलली. वत्सला आतून आली, समोर बसली आणि तिने पहिली शिळा दोन्ही हातांनी घट्ट धरली. तीन घाव व्यर्थ गेले. चौथ्याला एक पातळ पापुद्रा सुटला. खाली तेच लांबट खळगे होते, त्याच क्रमाने.



"म्हणजे बारा वर्षं तुम्ही सोललेल्या खोडाला माझं नाव दिलं होतंत," वत्सला म्हणाली.

पुष्पलतेने हसू दाबले. मला हसता आले नाही. माहेरी आता काय सांगशील, असे मी विचारले.

"सांगेन, ह्यांनी स्वतः फोडून पाहिलं."

शास्त्राच्या रिवाजानुसार शिळेवरची जुन्या नावाची चिठ्ठी काढून टाकीत नाहीत. नव्या चिठ्ठीवर मी ज्ञात जातीचे नाव लिहिले, आणि वत्सलेने ती खळ लावून आपल्या नावाशेजारी चिकटवली.