साहेबांचा तिसरा कान

जरा सावकाश बोलेन, चालेल ना? मी एक स्क्रू ड्रायव्हर. वीतभराहून बराच लांब, लाकडी मुठीचा. आमच्या जातीला बोलायची सवय नाही. गरज पडली की फिरवायचं आणि मग कुठेतरी टाकून द्यायचं, एवढंच आमचं आयुष्य. माझं नशीब मात्र वेगळं निघालं. मी स्क्रू थोडेच फिरवले. उभा जन्म गेला तो ऐकण्यात.

हार्डवेअरच्या एका दुकानात मी खिळ्यांच्या डब्यामागे धूळ खात पडलो होतो. एक दिवस एक सडपातळ तरुण आला. कारखान्यात नुकताच इंजिनिअर म्हणून लागला होता, सदऱ्याची इस्त्रीसुद्धा अजून मोडली नव्हती. त्याने मला उचललं, माझं टोक दुकानदाराच्या टेबलफॅनच्या बुडाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

दुकानदार म्हणाला, "अहो, विकत घ्यायचाय की सोयरीक जुळवायचीय त्याच्याशी?"

"तुमचा पंखा कण्हतोय. तेल घाला त्याला," तरुण म्हणाला, आणि मला घेऊन गेला.

पुढे तो मोठा साहेब झाला, म्हणून मीही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांची रीत ठरलेली. पंप असो, मोटर असो, आधी कुणाला काही विचारायचं नाही. माझं टोक यंत्राला, मूठ कानामागे. आतली घरघर, खरखर, कुरकुर माझ्या अंगातून थेट त्यांच्या डोक्यात जायची. मग म्हणायचे, "बेअरिंग गेलं." नाहीतर म्हणायचे, "काही झालेलं नाही, नखरे करतोय." कामगार पाठीमागे त्यांना 'डॉक्टर' म्हणत. समोर आले की अंग चोरून उभे राहत. न जाणो, आपल्याच छातीला टोक लावायचे.

बढत्या मिळत गेल्या तशी खुर्ची मऊ होत गेली. शेवटी अख्ख्या कारखान्याचे प्रमुख झाले. पायाखाली गालिचा, दाराबाहेर शिपाई. मला वाटलं, आपलं आता आटोपलं. पण साहेबांनी शिंप्याला सांगून कोटाला आतून एक लांबडा खिसा शिवून घेतला, खास माझ्यासाठी. एका बैठकीत कुणी सल्लागार पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत बसला होता. चित्रं काही संपेनात. साहेब उठले, मला काढलं आणि खिडकीतल्या एसीला लावलं. सल्लागार चित्रं थांबवून बघू लागला. "तुमचं चालू द्या," साहेब म्हणाले, "मी याचं ऐकतोय."

घरात मात्र हुकूम बाईसाहेबांचा, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा. आल्यागेल्याला त्या एक गोष्ट हमखास सांगत. "हे पहिल्यांदा आमच्या घरी आले ना, तेव्हा सरळ आईच्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसले. मशीनची तब्येत विचारून झाली, मग माझं नाव विचारलं." साहेब पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "मशीनची तब्येत जास्त नाजूक होती."

साहेब निवृत्त झाले आणि माझ्या वाट्याला फ्रिज, मिक्सर आणि लेकीची गाडी आली. त्यातही मजेत चाललं होतं. मग साहेबांचे कान गेले. यंत्राचं बोलणं माझ्यातून त्यांना अजून स्वच्छ ऐकू यायचं. माणसांचं मात्र ऐकू येईना. बेल वाजली तरी ते ढिम्म. लेक विचारायची, "बाबा, चहा टाकू?" आणि हे म्हणायचे, "हो, कालच वाचला मी."

लेक मागे लागली, "बाबा, कानाचं मशीन घ्या ना." साहेब खवळले. ज्याच्या कानावर कारखाना चालला, त्याने कानात मशीन घालून फिरायचं? "हा आहे तोवर मला काही धाड भरत नाही," म्हणाले, आणि माझी मूठ घट्ट धरली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. भीतीही वाटली.

अशातच कारखान्यातून बोलावणं आलं. नवा कॉम्प्रेसर बसवला होता, आणि त्याला पहिला कान डॉक्टरांनीच लावावा अशी सगळ्यांची इच्छा. तिथली नवी मॅनेजर तरुण मुलगी होती, चुणचुणीत. टाळ्या झाल्या, कॉम्प्रेसर सुरू झाला. पण त्या आवाजात भाषण कुणाच्या कानी पडेना. म्हणून तिने तो बंद करायला लावला आणि माईकवर तसं सांगितलंही. साहेबांना त्यातलं काहीएक ऐकू आलं नाही. ते हातातल्या फुलांकडे बघत होते, आणि यंत्रावरचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत होता.

भाषण संपलं. साहेब पुढे झाले, मला काढलं आणि टेकवलं. माझ्या अंगात साधा कंपसुद्धा नव्हता. यंत्र मुकं होतं. पण साहेबांना हे सांगणार कसं? त्यांनी मूठ हाडावर आणखी जोरात दाबली. मला कळलं, त्यांना वाटतंय की उरलंसुरलं ऐकू येणंही आता गेलं.

"काय म्हणतंय, सर?" मॅनेजरने अगदी जवळ येऊन विचारलं.

साहेबांनी डोळे उघडले. "उत्तम. अगदी सुरेल चाललंय."

शेडमध्ये सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात साहेबांसोबत आलेल्या बाईसाहेब मोठ्याने म्हणाल्या, "खरंच आहे त्यांचं. बंद यंत्राइतकं सुरेल काही नसतं. घरी मी गप्प बसले की मीसुद्धा अशीच सुरेल लागते त्यांना."

हशा पिकला. साहेबांनी थट्टा केली असंच सगळ्यांना वाटलं. साहेबही हसले. कशाला हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं, पण सगळे हसत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "याचा आता काही उपयोग नाही," म्हणाले. "यातूनही काही येत नाही."

"अहो, यंत्र बंद होतं."

"काय?"

"बंद. बंद होतं."

"कंद? कसला कंद?"

बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग मला उचललं. मूठ साहेबांच्या कानामागे ठेवली, माझं बोथट टोक स्वतःच्या हनुवटीला टेकवलं आणि हळूच म्हणाल्या, "यंत्र बंद होतं हो. तुम्ही नाही. आणि उद्या आपण कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

किती मोटरी, किती पंप माझ्या अंगातून बोलून गेले. पण हे काही निराळंच होतं. साहेब डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "बेअरिंग चांगलं आहे. आवाज तेवढा चढा लागतोय."

"लागणारच. आजवर ऐकलाय कुठे?"

दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने गेले. आता कानात वाटाण्याएवढं मशीन असतं, आणि ते चोख काम करतं. लेकीचा चहा वेळेवर मिळतो. मी स्वयंपाकघराच्या खणात चमच्यांशेजारी असतो, डब्यांची घट्ट झाकणं उघडतो. तक्रार नाही.

फक्त संध्याकाळी साहेब बाल्कनीत बसतात, मशीन काढून खिशात ठेवतात आणि हाक मारतात, "अगं, याची बॅटरी गेली बघ." मग बाईसाहेब मला घेऊन बाहेर येतात आणि दिवसभराचं सगळं सांगतात, माझ्यातून. साहेब डोळे मिटून ऐकतात.

बॅटरी गेलेली नसते. सकाळी बाईसाहेबांनीच नवी घातलेली असते. मी दोघांच्या मधला, मला सगळं ठाऊक असतं. तुम्हालाही आता कळलंय. तेवढं लेकीच्या कानावर घालू नका.