नावाला गोळी लागत न्हाई

कसलाही सरकारी कागद असू दे, नाथाजी हवालदाराच्या हातात पडला की त्याची साधी भाकरी व्हायची. पलटणीत वीस वर्षं कारकुनी करून नाथाजी पेन्शनीत आलेला. बाजारादिवशी तो धन्यकुमार वाण्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर मांडी घालून बसायचा. मांडीवर पगार-पेन्शनीच्या नेमांचं इंग्रजी बुक, पुठ्ठा कधीच गेलेला. फौजी गडी, त्यांच्या आया, बायका लखोटे घेऊन यायच्या. नाथाजी शेंबड्या पोरालाही कळावं असं सांगायचा. पैसा कुणाकडून घेतला नाही कधी, पण चार माणसांत कोणी "नाथामामासारखा नाथामामाच" म्हटलं, की गडी आठ दिवस फुगलेला असायचा.

एकदा बिराप्पा पेन्शनर रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी सोता कचेरीत हुबा ऱ्हायलो, तर म्हंत्यात जिता असल्याचा दाखला आण! मग हुबा हुता त्यो कोण, माझं भूत?"

"बिराप्पा, सरकारला डोळं न्हाईत गड्या," नाथाजी म्हणाला. "कागद हाय तर तू हाईस. कागद न्हाई तर तू न्हाईस. लय सोपं हाय."

सगळा कट्टा खो-खो हसला.

आणि मग पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात अंजना आली. वय एकोणीस. कपाळ पांढरं, हातात खाकी लखोटा. तिचा नवरा इटलीत पडल्याची तार चार महिन्यांपूर्वी आली होती. आता पेन्शनीचा फारम आला होता.

"नाथामामा, ह्यात माझं नाव हाय न्हवं?"

नाथाजीनं कागद उघडला आणि पुन्हा पहिल्यापासनं वाचला. तिचं नाव होतं. अंजना, मयत शिपाई हंबीररावची बायको. पण अंजनाच्या नवऱ्याचं नाव आकाराम. हंबीरराव म्हणजे तिचा थोरला दीर. तो त्या घडीला नदीकडच्या रानात उसाला पाणी पाजत होता.

हे त्रांगडं कुणी केलं? खुद्द नाथाजीनं! चाळीस साली मिरजेला भरती निघाली. नाथाजीनं साहेबाला बारा गडी देण्याचा शब्द दिलेला. हंबीररावाची छाती मापली, नाव लिहिलं, हातात चिठ्ठी दिली, आणि तो पठ्ठ्या घरी येऊन दोन दिवस उसात लपून बसला. आता पोलीस धरून नेतील म्हणून त्याची आई बयाबाई ऊर बडवायला लागली. धाकटा आकाराम सतरा वर्षांचा, हसऱ्या तोंडाचा, मिशी नुकती फुटलेली. तो म्हणाला, मी जातो की! तोंडावळा भावासारखाच होता. नाथाजीनं चिठ्ठी त्याच्या खिशात घातली आणि पाठीवर थाप मारली. "कुणी इचारलं तर हंबीरराव म्हणायचं. नावाला काय गोळी लागत न्हाई."

आकाराम गेला, रजेवर आला, लगीन करून पुन्हा गेला. बायकोचं नाव पलटणीला कळवायचा फारमही नाथाजीनंच भरला होता. अंजना, हंबीररावची बायको. तेव्हा दोघंही हसले होते.

"मामा, सोपं करून सांगा," अंजना म्हणाली. "मिळंल का न्हाई?"

"मिळंल पोरी. मिळवून देतो," नाथाजी म्हणाला. म्हणायलाच पाहिजे होतं त्याला. पोरीला ना मूल, ना माहेर. थोरली जाऊ विजयमाला तिला दोन वेळच्या तुकड्यावरनं रोज घालून पाडून बोलायची. पेन्शन आली तर तिचं ती खाईल, नाही तर जन्मभर जावेच्या दारात पडून राहील. बाकी तिच्याजवळ होतंच काय?

नाथाजीनं डोकं चालवलं. पलटणीचा कागद म्हणतो हंबीरराव मेला. बायको अंजना. मग गावानंही तसंच म्हणायचं, बस्स! मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून चौकशीला येणार होता. त्या दिवशी हंबीररावानं सांगलीला गूळबाजारात जायचं आणि मुक्काम करूनच परतायचं. गाव आकारामसाठी खोटं बोलायला एका पायावर तयार होतं. पोलीसपाटील तर म्हणाला, "आवं, त्या पोरासाठी मी सोताला मेलेला लिवून दीन!"

चौकशीच्या आदल्या दिवशी नाथाजी हंबीररावाच्या घरी गेला. नुसतं "उद्या सांगलीला जा" एवढं सांगून उठला असता तर काय बिघडलं असतं? पण जित्याची खोड! हंबीररावानं विचारलं, "मामा, कागदावर मेलो म्हंजी म्होरं काय हुतं?" आणि नाथाजीची कळी खुलली.

"म्होरं तुझ्या पाच एकराच्या खात्यावर तलाठी वारस लावणार. मेलेल्याची जमीन मेलेल्याच्या नावावर ऱ्हात न्हाई. वारस कोण, तर बायको. कागदावर तुझी बायको कोण, तर अंजना. तुझी पोरं कुणाची, ह्ये मग कोर्टात शाबीत करत बसायचं. पर तेवढं कोण खणत बसतंय? आपुन निस्तरू."

चुलीपुढची विजयमाला हातातली भाकरी तशीच धरून ऐकत होती. बयाबाई म्हणाली, "हंबीर, त्यो तुझ्या वाटचं मेला रं. तू एक दिस त्याच्या वाटचं मर." हंबीररावानं मान हलवली. जातो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अव्वल कारकून दोन पोलीस घेऊन आला. त्या दिवसांत आमच्या भागात भूमिगतांच्या भीतीनं सरकारी माणूस पोलिसांशिवाय पाऊल टाकत नसे. चावडीत सतरंजी अंथरली. पाटलानं सांगितलं, हंबीरराव लढाईत मेला. आणखी दोघांनी सांगितलं. मग अंजनाला पुढं बोलावलं.

"नवऱ्याचं नाव सांगा."

बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे जीभ अडखळायची. इथं तर थोरल्या दिराचं नाव नवरा म्हणून घ्यायचं होतं. त्याच्यापुढं तिनं कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता. सगळं गाव खाली बघायला लागलं. पण पोरगी धीराची. डोळे मिटून तिनं सांगितलं, "हंबीरराव."

कारकुनानं लिहून घेतलं. नाथाजीनं सुस्कारा सोडला. झालं, गंगेत घोडं न्हालं!

तेवढ्यात चावडीच्या पायरीवर गडबड झाली. हंबीरराव दारात उभा. धुळीनं भरलेला, घामाघूम. सांगलीच्या वाटेनं अर्ध्यात जाऊन तो माघारी फिरला होता.

"सायेब, मी जिता हाय," तो म्हणाला. "हंबीरराव मीच. ही माझी बायकू न्हवं. माझी बायकू घरी हाय, दोन पोरं हायत, रान माझ्या नावावर हाय."

बयाबाईनं कपाळ बडवून घेतलं. अंजनानं डोईवरचा पदर पुढं ओढला.

कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्यानं टाक खाली ठेवला आणि विचारलं, "मग मेला तो कोण?"

"माझा धाकटा लेक, आकाराम," बयाबाई म्हणाली.

"आकाराम नावाचा शिपाई पलटणीत नाही. दुसऱ्याच्या नावानं गेला असेल, तर पाठवला कोणी? तो माणूस पुढं येऊन लिहून देत असेल तर मी कागद वर पाठवतो. पलटण शोध घेईल. पण खोट्या नावानं भरती करणं हा गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू नाथाजीकडं वळल्या. नाथाजीच्या मांडीवर बुक होतं. त्यात एक नेम होता. पेन्शनरावर गुन्हा शाबीत झाला, तर सरकार पेन्शन बंद करतं. कितीतरी जणांना तो त्यानं सोपा करून सांगितला होता. घरी आजारी बायको होती, दुसरा आधार नव्हता. अंजना त्याच्याकडं बघत होती. त्यानं नजर बुकात घातली आणि वर काढलीच नाही.

कारकुनानं टाक पुन्हा उचलला. मग त्यानं लिहिलं, सदर इसम हयात आहे, सबब मागणी नामंजूर. कागदांना दोरा बांधला आणि तो उठून गेला.

पुढच्या बाजारी अंजना कट्ट्यावर आली. नाथाजीला वाटलं, ही आता तोंडावर थुंकणार. थुंकली असती तर बरं झालं असतं. पण ती नेहमीसारखी खाली बसली.

"मामा, मला इंग्रजी कळत न्हाई. मी कोण झाले, सोपं करून सांगा."

नाथाजीनं बुक मिटलं. मग खाली बघत सांगितलं, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. "पोरी, पलटणीच्या कागदावर आकाराम कवा गेलाच न्हाई. मग त्यो मेलाबी न्हाई. गावच्या कागदावर त्यो नुसता घरात न्हाई, एवढंच. सात वर्सं ज्याचा ठावठिकाणा लागत न्हाई, त्याला कोर्ट मेला म्हंतं. तवर त्यो जिताच."

"म्हंजी मी रांडाव न्हाई."

"कायद्यानं न्हाईस."

"मग कपाळाला कुंकू लावायचं का न्हाई, त्ये सांगा. त्याचा काय नेम हाय?"

धन्यकुमारच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला. नाथाजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कायद्यानं... लावाय पायजे."

"बरं," अंजना म्हणाली आणि निघून गेली.

त्याच्या पुढच्या बाजाराला ती कुंकू लावून आली. चांगलं रुपयाएवढं, ठसठशीत. बायका वाटेतनं बाजूला सरत होत्या. एकीनं पोराला पदराखाली घेतलं. विजयमालेनं तिला त्याच सकाळी घरातनं काढलं होतं. मेलेल्याच्या नावानं नटती म्हणाली. अंजनाच्या काखेत बोचकं होतं.

ती सरळ कट्ट्यापुढं येऊन थांबली.

"नाथामामा, नीट लागलंय न्हवं? नेमात बसतंय न्हवं?"

नाथाजी मान खाली घालून "व्हय" म्हणाला.