येते म्हणावं

शनिवारची शाळा सुटली होती. जानकाबाई खिचडीचं पातेलं घासता घासता वृषालीबाईंच्या निरोपाची वाट बघत होत्या. दर शनिवारी बाई ओतूरला घरी निघायच्या आणि पायरीवरून ओरडायच्या, “जाते हो मावशी!”

“जाते नाय म्हनू, बाई. येते म्हनावं.”

“जाते म्हटलं तरी सोमवारी येतेच ना?”

आणि खरंच यायच्या. आहुप्याच्या अलीकडच्या या वाडीतले आधीचे सगळे गुरुजी मोठ्या अदबीने ‘येतो’ म्हणून गेले. परतला एकही नाही. दुधाने तोंड पोळलेली वाडी मग ताकही फुंकून प्यायला लागली. वृषालीबाईंना वाडीतल्या खंडूने आपल्या घराची पुढची खोली दिली, पत्रे नवे घातले. बिबट्याच्या भीतीने जानकाबाई नातीला, स्नेहाला, घेऊन त्यांच्या सोबतीला झोपू लागल्या. त्यात माया होती, तशी पाळतही होती, खोटं कशाला बोला! स्नेहाला आई नव्हती. बाई गेल्या की या शाळेलाही कुलूप लागणार, शेजारच्या वाडीच्या शाळेला लागलं तसं. तिथली पोरं लांबच्या वसतिगृहात गेली आणि वर्गात आता शेळ्या बांधतात.

पण लेकरू बाईंनाही होतं. तीन वर्षांचा शौर्य, ओतूरला आजीपाशी. परवा फोनवर त्याने “कोण बोलतंय?” असं विचारलं, तेव्हापासून बाईंना घास गिळवत नव्हता. आज त्यांनी स्नेहाची वेणी घातली, सोडली आणि पुन्हा घातली.

खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. बाई पायरीवर आल्या. खाली बघूनच चप्पल घालत म्हणाल्या,

“येते, मावशी.”

राखेने भरलेले हात तसेच धरून जानकाबाई उठल्या.

“जाते म्हना की वं बाई. दरवेळंवानी.”

बाई वाकल्या, जानकाबाईंच्या पायाला हात लावला आणि पायवाटेने भराभर उतरल्या.

स्नेहा टाळ्या पिटत धावत आली. “आज्जे, बाई शिकल्या बघ! येते म्हनल्या!”

“व्हय गं बाय,” म्हणत जानकाबाई खाली बसल्या आणि घासून लख्ख झालेलं पातेलं पुन्हा घासू लागल्या.