माझे निळे ठिपके थांबले तेव्हा

मी एक जुने, वीतभर उंचीचे, मोहरीच्या कुळातले रोप आहे. मित्रांनो, माझा जन्म शेतात नव्हे, प्रयोगशाळेत झाला. तिथल्या मोठ्या सरांनी तरुणपणी माझ्या पेशींत एक तुटके जनुक बसवले. माझ्या आनुवंशिक धाग्याला इजा झाली, की मी तो सांधते. सांधताना कधी कधी ते जनुकही जुळते. मग पान रंगाच्या द्रावणात बुडवले, की त्यावर निळा ठिपका उमटतो. ठिपके जास्त, तर इजा जास्त.

पिढ्यान्‌पिढ्या मी बियांमधून उगवत राहिले. लेकीचे कौतुक करावे तशी सर पाहुण्यांना माझी पाने दाखवत.

एकदा कारखान्याजवळच्या वस्तीतून एक मळेवाला ओढ्याचे पाणी तपासायला घेऊन आला. ते मला घातले. माझे आतले धागे तटातट तुटले. मी सांधून सांधून थकले, पण पान कोरेच राहिले. सरांनी पाणी निर्धोक ठरवले.

त्यांच्या हाताखालच्या ताईंना मात्र चैन पडेना. त्यांनी मला प्रखर अतिनील दिव्याखाली ठेवले. एवढ्या माऱ्याने पान निळ्या ठिपक्यांनी भरायला हवे होते. एकही उमटला नाही.

"सर, या रोपावर आता भरवसा नको."

"अगं, मी स्वतः घडवलंय ते. खोटं नाही बोलायचं."

"खोटं नाही बोलत, सर. मुकं झालंय. त्याच्या पेशींनी आपण बसवलेलं जनुकच बंद करून टाकलंय."

सरांनी कोरे पान न्याहाळले. मग मळेवाल्याला फोन लावला. "ते पाणी भाजीला घालू नका. आमचं चुकलं."

"म्हणजे पाणी वाईट आहे का, साहेब?"

"तेच माहीत नाही. नव्यानं तपासतो."

"पोरं रोज तीच भाजी खातायत हो!"

ताईंनी सरांच्या हातातून फोन घेतला आणि नवे पाणी आणायला त्या स्वतः निघाल्या.

पुढे दुसऱ्या, ठिपके उमटणाऱ्या रोपांवर तपासले, तेव्हा पाणी वाईटच निघाले. ती पोरे मला अजूनही आठवतात.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कुणी गप्प असेल, तर त्याचे सारे ठीक आहे असे समजू नका. आधी त्याला बोलता येते का, ते पाहा.