नाव दोधूचं, बोटं भिलाची

मी एक चोपडी बोलतेय. वाण्याच्या दुकानातली नव्हे, की शाळेच्या दप्तरातलीही नव्हे. प्रकाशा ते शहादा या चार कोसांच्या वाटेवर ज्याने चौदा वर्षं टपालाची थैली वाहिली, त्या डाकवाल्याच्या नोकरीची मी चोपडी. तो कधी लागला, कधी रजेवर गेला, कधी आजारी पडला, सगळं माझ्यात आहे. आणि एक खोटंही होतं, अगदी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत.

१९११ साली नंदुरबारच्या टपाल कचेरीत मला कोरी करकरीत उघडलं. कारकुनाने लिहिलं, ‘दोधू नवल, राहणार प्रकाशा.’ मग समोर उभ्या असलेल्या तरुणाची बोटं शाईत बुडवून एकेक करून माझ्यावर टेकवली. तो सारखा दाराकडे बघत होता. मला वाटलं, पहिल्या नोकरीची धास्ती असेल.

धास्ती वेगळीच होती. नोकरी लागली होती दोधूला, आणि रुजू व्हायच्या दिवशीच दोधू हिवतापाने अंथरुणाला खिळला होता. कोणी गेलं नाही तर जागा जाणार. म्हणून धाकटा भाऊ भिला त्याच्या नावावर दोन-चार दिवसांपुरता आला. दोधू उठला, पण पायांतलं बळ काही परतलं नाही. तो घरची शेती बघू लागला, आणि दोन-चार दिवसांची चौदा वर्षं झाली. गावात तो भिला, कचेरीत दोधू. सुरुवातीला कोणी “दोधू!” अशी हाक मारली, की तो मागे वळून बघायचा, कोणाला बोलावतात म्हणून.

तपासणीच्या वेळी साहेब मला उघडायचे आणि ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारून मिटायचे. चौदा वर्षांत एकदाच थैली उशिरा पोचल्याची नोंद आहे. कारण लिहिलंय, ‘घरी मुलगी झाली.’ ती कोकिळा. पाच वर्षांनी सिंधू झाली, तेव्हा मात्र थैली वेळेवर पोचली.

१९२५ च्या वैशाखात नंदुरबारला गाडीच उशिरा आली. टपाल तापी ओलांडून प्रकाशाला पोचलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता. नावाडी म्हणाले, ऊन उतरू दे. भिला म्हणाला, तिकडे लोक वाट बघत असतील, आणि निघाला. शहाद्याच्या कचेरीच्या पायरीवर त्याने थैली उतरवली, पाणी मागितलं, आणि पाणी येण्याआधीच कोसळला. माझ्यात शेवटची नोंद झाली: ‘दोधू नवल. कामावर असताना ऊन लागून मृत्यू.’

मग घरात काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण पुढे चौकशीत सगळ्यांनी जबान्या दिल्या आणि ते कागद माझ्याच पोटात शिवले गेले. म्हणून मला ठाऊक.

कामावर मेलेल्या डाकवाल्याच्या पोरांना सोळा वर्षांची होईपर्यंत महिन्याची नेमणूक, म्हणजे ठरावीक रक्कम, मिळे, आणि शाळेची फी माफ होई. पण ती दोधू नवलच्या पोरांना. दोधू तर ओट्यावर जिवंत बसलेला. भिला नवल नावाचा माणूस सरकारने कधी पाहिलाच नव्हता.

भिलाची बायको धनुबाई, तिचा भाऊ खापरहून आला होता. त्याने तिथला एक बिजवर हेरून ठेवला होता. दहा वर्षांच्या कोकिळेला त्याच्या घरात देऊन टाकू, खाणारं एक तोंड तरी कमी होईल, असा त्याचा हिशेब. धनुबाई हो म्हणेना, नाहीही म्हणेना.

अर्ज लिहायला गावातले दुकानदार नथमल शेठ आले. माणूस भला. त्यांनी सरळ वाट सांगितली. “दोधूभाऊ, कागदावर तुम्ही मेलेलेच आहात. चौकशी होईपर्यंत खापरला जाऊन राहा. पोरी तुमच्या म्हणून लिहितो. कोणाचं काही जात नाही.”

दोधू लगेच कबूल झाला. “मन्हा जागावर मन्हा भाऊ मरी गया. मी कागदवर मरसू, तेन्हामा काय शे?”

दाराआड पदर ओढून धनुबाई बसली होती. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती कधी थेट बोलत नसे. ती लेकीला म्हणाली, “कोकिळा, तुन्हा मोठाबाले सांग. चौदा वरीस त्या दुसराना नाववर थैली लिसन पयनात. आते मरावर तरी त्यासले त्यासनं नाव भेटू द्या.”

“आणि साहेबांनी नाही म्हटलं तर?” नथमल शेठांनी विचारलं. “धनुबाई, खरं सांगून पोरींच्या तोंडचा घास जाईल.”

दाराआडून उत्तर आलं. “गया ते मी मजुरीले जासू. पण मन्ह्या पोरी त्यासन्याच ऱ्हातीन.”

महिनाभराने चौकशीला इन्स्पेक्टर नंदुरबारला आले. मी त्यांच्या टेबलावर उघडी पडले होते. दोधू हात जोडून म्हणाला, “साहेब, दोधू नवल मीच शे. जित्ता शे. पयाना तो मन्हा भाऊ.”

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे चौदा वर्षं सरकारला फसवलंत. खोट्या नावाची नोकरी नोकरीत धरता येत नाही. मग नेमणूक कसली?” मग धनुबाईकडे वळून ते म्हणाले, “बाई, मेलेल्या माणसाचं नाव काय?”

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या भागात रीत नाही. उखाण्यातसुद्धा धनुबाई ते ओठातल्या ओठात पुटपुटत असे. कारकून तिच्या मदतीला धावला, “साहेब, मी सांगतो...”

“नही,” धनुबाई म्हणाली. पदर जरा मागे गेला. “भिला. भिला नवल.”

मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग भिंतीला टेकून ती रडू लागली. तो गेल्यापासून ती रडली नव्हती, असं दोधूने जबानीत सांगितलंय.

तेव्हा आईजवळ उभी असलेली कोकिळा म्हणाली, “साहेब, बाबांनी शाळेत अंगठा दिलाय. मला घातलं तेव्हा. तिथे मास्तरांनी नाव भिलाच लिहिलंय.”

इन्स्पेक्टरांनी पेन पुन्हा उचललं. दुसऱ्या दिवशी प्रकाशाच्या शाळेचं दाखल्यांचं रजिस्टर आणवलं. ते माझ्या शेजारी उघडलं. भिंग घेऊन साहेब या अंगठ्यावरून त्या अंगठ्यावर कितीतरी वेळ जात-येत होते. खिडकीखाली बैलगाड्या जात होत्या. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. शेवटी भिंग ठेवून ते कारकुनाला म्हणाले, “नाव कोणाचं का असेना, थैली याच बोटांनी वाहिली. तसं लिहा.”

वरच्या कचेरीतून निकाल यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत धनुबाई खरंच मजुरीला गेली, आणि खापरचा बिजवर वाट बघून दुसरीकडे बोहल्यावर चढला. मग एक दिवस लाल शाईने माझ्या पहिल्या ओळीतलं ‘दोधू’ खोडलं आणि वर ‘भिला’ लिहिलं. खाली वारस म्हणून कोकिळा, सिंधू, आणि ‘नेमणूक मंजूर’. फक्त एक अट पडली: दोधूला जन्मभर सरकारी नोकरी नाही. भिलाची रिकामी जागा त्यालाच द्यायचं घाटत होतं, ती गेली. ऐकून तो एवढंच म्हणाला, “बरं झालं. मन्हा पायच नव्हते तेन्हासाठे.” पण कचेरीच्या पायऱ्या तो फार सावकाश उतरला.

कोकिळा सातवी पास झाली, ट्रेनिंगला गेली, आता तळोद्याच्या मुलींच्या शाळेत शिकवते. सिंधू सोळाची झाली तेव्हा माझ्यावर ‘बंद’ असा शिक्का बसला. त्यालाही दहा वर्षं झाली. मुदत संपलेल्या कागदांच्या यादीत माझा नंबर लागला आहे. उद्या-परवा बंबाच्या जाळात जाईन. तक्रार नाही. पोरी आपल्या पायांवर उभ्या राहीपर्यंत टिकले, एवढंच माझं काम होतं.

जाता जाता लेखणी हाती असणाऱ्यांना एक विनंती. माणूस समोर उभा असेल, तर नाव लिहिण्याआधी मान वर करून एकदा त्याच्याकडे बघा. तो घाबरलेला असेल, खोटं बोलत असेल, तर जरा थांबून पुन्हा विचारा. लिहायला एक क्षण लागतो. खोडायला एका बाईला आपल्या नवऱ्याचं नाव भरकचेरीत घ्यावं लागतं.